‘कुणी’नंतरचा श्वास

माझ्या वर्गात ‘छान’ हा शब्द लिहायला बंदी आहे. जो लिहील त्याने त्या दिवशीचे चहाचे सगळे कप विसळायचे. तीस वर्षांत या एका नियमापायी माझ्या मोरीपाशी भल्याभल्यांनी बाह्या वर केल्या आहेत. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना गाण्यातलं बरंच कळायचं, पण कपाच्या कानाजवळचा डाग काही शेवटपर्यंत दिसला नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सगळे माझ्या बाहेरच्या खोलीत जमतात. दोघं-तिघं गातात, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्याने गाणाऱ्यासाठी एक चिठ्ठी लिहायची, खाली नाव घालायचं नाही. कुठली ओळ, कुठला शब्द, तिथे काय ऐकू आलं, आणि सुचलं तर काय करून बघता येईल, एवढंच लिहायचं. आवाज गोड आहे, बसणं ऐटदार आहे, हे सगळं घरी गेल्यावर एकमेकांना फोन करून सांगायचं. चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडल्या की मी त्या मोठ्याने वाचते. अक्षर कुणाचं ते मला बहुतेक वेळा कळतं, पण चेहरा कोरा ठेवायची कला मी शिकून घेतली आहे. वाचलेल्या चिठ्ठ्या मी टाकत नाही. कपाटावर असे अकरा डबे साठले आहेत आणि प्रत्येकावर वर्षं लिहिलेली आहेत.

वर्षातून एकदा मी गाते आणि चिठ्ठ्या माझ्यासाठी पडतात. याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. आपल्याच शिष्यांकडून आपले दोष लिहून घेणारी दुसरी गायिका दाखवा, असं मी चारचौघांत म्हणत असे. गेली नऊ वर्षं माझ्या चिठ्ठ्यांत एकही दोष निघाला नव्हता. हे मला कधी खटकलं नाही. निघण्यासारखा नसेल, असं मी धरून चालले होते.

आता टाचणीबद्दल सांगते. ती अकरा वर्षांची असताना माझ्याकडे आली. हातापायांच्या काड्या, आणि एकदा तानपुऱ्यापाशी टोचून बसली की हलायची नाही, म्हणून मी तिला टाचणी म्हणायला लागले. आज ती चोवीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. माझा आताचा चष्मा तिनेच केला. मला खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, आणि काचा बदलत एकच प्रश्न विचारत राहिली, “पहिलं बरं की दुसरं?” माझी नजर कमी झाली आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. अर्ध्या तासात ते मीच कबूल करून बसले.

या फेब्रुवारीत ती रेडिओच्या परीक्षेला बसली. बंद खोलीत, माइकसमोर, तिथल्याच तबलजीबरोबर वीस मिनिटं गायचं. दोन परीक्षक काचेपलीकडे बसतात. पास झालं तर गाणारी म्हणून श्रेणी मिळते. दोनदा नापास झालं तर पुढची तीन वर्षं बसू देत नाहीत. टाचणी पहिल्यांदा नापास झाली.

परीक्षकांचा शेरा घेऊन ती संध्याकाळी दुकानातून तशीच आली. चप्पल काढताना तिने कागद माझ्या हातात दिला आणि मी वाचेपर्यंत ती दाराशीच उभी राहिली. शेरा असा होता: ‘आवाज तयार आहे. मुखड्याची ओळ दर वेळी “कुणी” या शब्दानंतर तुटते. त्यामुळे तीनदा सम निसटली. ही सवय दिसते. गुरूंशी बोलावे.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाणं आणि तबला दोघांनी एकदम पाय टेकायची जागा. माझ्या मुलीची सम निसटते म्हणजे काय? आणि ‘गुरूंशी बोलावे’? मी काय इथे भाजी निवडत बसले होते?

“यांना भाव म्हणजे काय ते कळत नाही,” मी म्हणाले. “ती ओळ तुटत नाही. ती थांबते.”

“हो, बाई,” टाचणी म्हणाली.

ओळ माझ्या मास्तरांनी बांधलेली. ‘दार उघडे ठेव, कुणी येत आहे दुरून.’ ‘कुणी’ म्हणताना सूर वरच्या सापर्यंत चढतो आणि ‘येत’ या शब्दावर समेला उतरतो. ‘कुणी’ म्हटल्यावर मी क्षणभर गप्प होते, मग ‘येत आहे’ म्हणते. त्या थांबण्याची वर्तमानपत्रात तारीफ झाली होती. ‘वाट पाहणाऱ्या काळजाचा चुकलेला ठोका’ असे शब्द होते. ते कात्रण मी चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं आहे. विद्यार्थी चपला काढतात ते त्याच्याच खाली.

“पुढची परीक्षा कधी आहे?” मी विचारलं.

“पाच आठवड्यांनी. बाई, अजून एक गोष्ट आहे. आमचे मालक नवीन दुकान काढताहेत. रेल्वेने एका रात्रीचा प्रवास आहे. ते मी सांभाळावं असं त्यांचं म्हणणं आहे. मी परीक्षेनंतर सांगते म्हटलंय.”

“आणि पास झालीस तर?”

“तर नाही म्हणून सांगेन.”

“आणि नाही झालीस तर तिथेही गाता येईलच की.”

तेरा वर्षांत मला तिची गप्प राहण्याची तऱ्हा ओळखता येऊ लागली आहे. तिथे गेली तर ती गाणार नव्हती.

माझ्याकडे तबला वाजवतात ते माझे धाकटे दीर. यजमान गेल्यावरही त्यांनी रियाजाची वेळ चुकवली नाही. खालच्या मजल्यावर राहतात, सकाळी सात वाजता वर येतात. कमी बोलतात. चिठ्ठी तर त्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही लिहिली नाही. विचारलं तर म्हणतात, “वहिनी, मला जे सांगायचं ते मी हातानं सांगतो.” नेमके त्याच आठवड्यात ते लेकीकडे गेले, बारशाला नव्हे हो, त्याआधीच, बाळ कधी होईल ते सांगता येत नव्हतं म्हणून. बारा दिवस येणार नव्हते. परीक्षा तोंडावर, आणि तबला नाही.

“मोबाइलवर तबला असतो,” टाचणी म्हणाली.

मला ही असली सोंगं आवडत नाहीत, पण गरज होती. तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, ताल निवडला, लय बांधली. यंत्र वाजायला लागलं. तानपुरा जुळला. तिने ओळ म्हटली, ‘कुणी’वर चढली, थांबली, आणि ‘येत’ म्हणेपर्यंत यंत्राची सम होऊन गेली होती.

“थांबण्यातही लय हवी,” मी म्हणाले. “ऐक.”

मी ओळ म्हटली. ‘कुणी’ म्हटलं, थांबले, ‘येत’वर उतरले, आणि सम माझ्याही हातातून गेली.

“या यंत्राला काही कळत नाही. परत लाव.”

तिने परत लावलं. परत तेच झालं. मी लय थोडी वाढवायला लावली, मग कमी करायला लावली, मग फोनची बॅटरी पुरेशी आहे ना तेही विचारून झालं. चौथ्यांदा मी थांबायचंच नाही असं ठरवून सुरुवात केली. ‘दार उघडे ठेव, कुणी’ इथवर आले आणि बरगड्यांखाली काहीतरी रिकामं झालं. तोंड उघडं, पण आत हवा नव्हती. मी श्वास घेतला. तांब्याला टेकलेला तबला सम वाजवून पुढे चालू लागला.

टाचणीने फोन बंद केला. ती माझ्याकडे बघत नव्हती. तानपुऱ्याच्या तारेवरची धूळ पुसल्यासारखं करत होती. धूळ नव्हतीच.

“आज इतकंच पुरे,” मी म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या फुप्फुसात पाणी झालं होतं. तीन आठवडे दवाखान्यात होते. घरी आल्यावर जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं, पण त्यात विशेष ते काय, वय झालं की सगळेच थांबतात. दोन महिन्यांनी मी गायला बसले. त्या पहिल्या जाहीर बैठकीत ‘कुणी’नंतर श्वास संपला आणि मी घेतला. एवढंच घडलं होतं. तिसऱ्या दिवशी पेपरात काळजाचा ठोका छापून आला. ते वाचून मला आधी हसू आलं असेल, निदान यायला हवं होतं. पण वाचता वाचता ते मला पटलं. पुढच्या बैठकीत मी त्याच जागी मुद्दाम थांबले, आणि मुद्दाम थांबते आहे असं स्वतःला सांगितलं. महिन्याभरात मी ते शिकवायला लागले. माझ्याकडचा प्रत्येक जण आज त्या शब्दानंतर थांबतो. त्यांची फुप्फुसं धडधाकट आहेत.

हे सगळं मला त्या रात्रीत कळलं असं नाही. दोन दिवस मी यंत्रालाच शिव्या घालत होते. तिसऱ्या दिवशी भावजींना फोन लावला. नातू झाला होता. त्याचं वजन किती, नाक कुणाचं, हे सगळं झाल्यावर मी विचारलं.

“भावजी, मुखड्याच्या ओळीत तुम्ही माझ्यासाठी थांबता का?”

पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

“थोडंसं,” ते म्हणाले.

“किती थोडंसं?”

“अर्धी मात्रा. शेवटच्या दोन बोलांमध्ये सोडून देतो. कुणाला कळत नाही.”

“कधीपासून?”

“तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हापासून.”

“आणि टाचणी गाते तेव्हा?”

“तीही तिथेच थांबते ना, वहिनी. मग हाताला सवय झाली.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“हातानं सांगत होतो,” ते म्हणाले. नऊ वर्षं रोज सकाळी तो माणूस मला सांभाळून घेत होता, आणि मी त्यांना मधूनमधून लय ढिली पडते म्हणून बोल लावत होते. मी फोन ठेवला आणि बराच वेळ मोरीपाशी उभी राहिले. विसळायला कप नव्हते.

मग मला चिठ्ठ्या आठवल्या. एवढे कान माझ्या खोलीत बसत होते, त्यातल्या एकालाही हे ऐकू आलं नसेल? स्टुलावर चढून मी त्या वर्षाचा डबा खाली काढला. नऊ वर्षांपूर्वीचं, माझ्या आजारानंतरचं वर्गातलं पहिलं वार्षिक गाणं. सतरा चिठ्ठ्या होत्या. सोळा नुसत्याच गोड होत्या. आजारातून उठलेल्या बाईला कोण काय बोलणार? सतरावी वहीच्या चौकटीच्या कागदावर होती. अक्षर मागे झुकलेलं. डावरी मुलं लिहितात तसं.

‘पहिली ओळ. “कुणी” नंतर तुम्ही श्वास घेता. त्यामुळे येणारा माणूस दारात अडखळल्यासारखा वाटतो. आधी असं नव्हतं. आधी तो सरळ आत यायचा.’

टाचणी डावरी आहे. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

आणि मला तो रविवार स्वच्छ आठवला. ही चिठ्ठी मी मोठ्याने वाचली होती, अक्षर कुणाचं ते न बघता. वाचून झाल्यावर चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत मी म्हणाले होते, “ज्यानं हे लिहिलंय त्याला कान आहेत, मन नाही.” खोलीत हशा पिकला होता. वाक्य चांगलं जमलं म्हणून मी खूश झाले होते, पुढे दोन-तीन ठिकाणी ते सांगितलंही होतं. हसणाऱ्यांमध्ये ती पोरगीही असणार. हसली नसती तर पकडली गेली असती.

त्यानंतर माझ्या एकाही चिठ्ठीत दोष का निघाला नाही, ते आता वेगळं सांगायला नको. आणि टाचणीने काय केलं असेल तेही मला दिसलं. पंधराव्या वर्षी तिने बरोबर ऐकलं. भरल्या खोलीत तिला सांगितलं गेलं की तुला मन नाही. मग ते मन कमवायला तिने तोच श्वास, त्याच जागी, वर्षानुवर्षं घोटून स्वतःच्या गळ्यात बसवला. तिला तो कधीच लागत नव्हता. मी स्टुलावर बसून रडले. मला रडायला आवडत नाही, नाक बंद होतं आणि संध्याकाळचा वर्ग बिघडतो. पण रडले.

महिन्याचा शेवटचा रविवार परीक्षेच्या अडीच आठवडे आधी आला. भावजी आदल्या दिवशी परतले होते. सकाळी वर आले तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं.

“आज थांबायचं नाही. मी पडले तरी.”

“वहिनी, सगळे असतील.”

“म्हणूनच.”

माझं वर्षाचं गाणं अजून चार महिन्यांवर होतं, त्यामुळे मी तानपुरा हातात घेतला तेव्हा मंडळी सावरून बसली. मी फक्त मुखडा म्हटला. भावजींनी शब्द पाळला. पहिल्यांदा सम गेली, दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा कुणीतरी खोकलं. मी तानपुरा खाली ठेवला.

“चिठ्ठ्या लिहू नका. एक चिठ्ठी आधीच आलेली आहे,” मी म्हणाले, आणि चौकटीच्या कागदाची घडी उघडून वाचली. “ही नऊ वर्षांपूर्वी आली. तेव्हा मी जे बोलले ते तुमच्यातल्या काही जणांना आठवत असेल. ते चुकीचं होतं. ज्यानं लिहिलं त्याला कानही होते आणि मनही होतं. माझ्याकडे त्या दिवशी दोन्ही नव्हतं. ‘कुणी’नंतर जे होतं तो भाव नाही. ती माझी धाप आहे. तुम्हाला मी ती शिकवली, त्याबद्दल मला वाईट वाटतं.”

कुणीही टाचणीकडे बघितलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. ती गुडघ्यावरच्या कापडाची चुणी बोटाने सपाट करत होती. पुन्हा पुन्हा तीच चुणी.

ती सगळ्यांच्या शेवटी निघाली. चपला घालून झाल्या तरी दारात थांबून राहिली.

“मला वाटलं होतं, तुम्ही ती टाकून दिली असेल,” ती म्हणाली.

“मी काही टाकत नाही. उद्या दुकानाआधी ये. साडेसहाला.”

काम सोपं नव्हतं. सवय चूक आहे हे कळलं म्हणून गळा काही ती सोडत नाही. तिला दम भरपूर होता, तरी ‘कुणी’ आलं की आतून कुणी दोरी ओढल्यासारखी ती थांबायची आणि मग स्वतःवरच चिडायची. माझी पंचाईत आणखी वेगळी. आयुष्यभर मी ‘असं म्हण’ म्हणून शिकवत आले. आता म्हणून दाखवायची सोय राहिली नव्हती. पहिल्यांदाच मला डोळे मिटून दुसऱ्याचं ऐकावं लागलं, आणि जे ऐकलं ते शब्दांत सांगावं लागलं.

“‘दार’वर तू हवा उधळतेस,” तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं. “दार उघडंच आहे. ढकलतेस कशाला?”

तिने ‘दार’ हलकं केलं. ओळ आणखी थोडी लांब गेली.

“श्वास छातीत भरू नकोस. तो घाईचा असतो, वर चढेपर्यंत संपतो. दोन मात्रा आधी घे, कमरेपाशी. खांदे हलता कामा नयेत.”

“आणि वरचा सा?”

“तो तू मोठ्याने लावतेस. का?”

“वर आहे म्हणून.”

“ती काय गच्चीवरून हाक मारतेय का कुणाला?” मी विचारलं. त्या प्रश्नासरशी मास्तर आठवले. मी विशीत असताना या ओळीत दुःख ओतत होते, तेव्हा त्यांनी मला थांबवलं होतं. दार उघडं ठेव म्हणणाऱ्या बाईला शंका नाहीये, असं ते म्हणाले होते. कोण येतंय ते तिला माहीत नाही, पण येतंय हे माहीत आहे. म्हणून ओळ एका दमात. हे मी विसरले नव्हते. दवाखान्यातून आल्यावर ते मला सोयीचं राहिलं नव्हतं, म्हणून मागे सारलं होतं. मी ते टाचणीला जसंच्या तसं सांगितलं.

तिने तानपुरा पुन्हा छेडला. मग दोनदा ओळ म्हटली. पहिल्यांदा ‘कुणी’ मोठं, दुसऱ्यांदा बारीक, जवळच्या माणसाला सांगितल्यासारखं.

“पहिलं बरं की दुसरं?” तिने विचारलं.

“दुसरं. पण त्यात ‘ठेव’ गिळलंस.”

ती पुन्हा म्हणाली. “आता?”

“आता ‘ठेव’ बरं आहे, सा किंचित खाली आहे.”

असे बारा दिवस गेले. रोज साडेसहाला काच बदलायची, पुन्हा बदलायची. तेराव्या दिवशी भावजी तबल्यावर होते, आणि ते आता कुणासाठीही थांबत नव्हते. ओळ ‘दार’पासून निघाली, ‘कुणी’वर गेली, आणि मध्ये काहीही न होता ‘येत’वर उतरली. सम तिच्या पायाखाली आली. येणारा माणूस सरळ घरात शिरला. टाचणीने मान वर केली. तिचा चेहरा एकदम पंधरा वर्षांचा दिसला.

“परत म्हण,” मी म्हणाले.

परीक्षेचा निकाल पाच आठवड्यांनी आला. ती पास झाली होती. खाली शेरा होता: ‘मुखडा निर्दोष. खालचे स्वर अजून सैल आहेत.’ टाचणी घाबरत घाबरत माझ्याकडे बघत होती, कारण परीक्षकांबद्दलची माझी मतं तिला तोंडपाठ आहेत.

“बरोबर आहे त्यांचं,” मी म्हणाले. “खालचे सैल आहेतच. उद्यापासून ते घेऊ. मालकांना काय सांगितलंस?”

“दुसरं कुणी बघा म्हणून सांगितलं.”

चपलांच्या वरची चौकट मी त्याच आठवड्यात काढली. भिंतीवर तेवढा एक चौकोन पांढरा राहिला आहे, तो लपवायला तिथे काहीतरी लावायचं डोक्यात आहे.

मग माझ्या वार्षिक गाण्याचा रविवार आला. दुसरी एखादी सोपी चीज घ्यावी असं मनात येऊन गेलं, पण तसं केलं असतं तर ते सगळ्यांना कळलं असतं. मी तीच घेतली. गाण्याआधी सगळ्यांदेखत भावजींना सांगितलं, “मला ‘कुणी’नंतर श्वास लागतो. अर्धी मात्रा थांबाल का?” ते म्हणाले, “थांबतो की.” मग मी गायले. त्या जागी आले की श्वास घेत होते, आणि भावजी थांबत होते. ही वेळ त्यांनी चोरून दिली नव्हती, म्हणून मला ती घाई न करता घेता आली.

चिठ्ठ्या पडल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा डबा उघडण्याआधी मी चष्मा दोनदा पुसला. दोष निघाले, चांगले सात निघाले. तिसऱ्या आवर्तनात सूर उतरला होता. एक तान मी दोनदा घेतली होती, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी एकेक वाचत गेले. कुणी हसलं नाही. मग मागे झुकलेलं अक्षर हातात आलं.

‘पहिली ओळ. “कुणी” नंतर तुम्ही श्वास घेता. आज येणारा माणूस अडखळला नाही. त्याच्यासाठी कुणीतरी थांबलं आहे असं ऐकू आलं. तिथे श्वास घ्या, बाई. आम्ही घेणार नाही.’

पहिल्या दोन वाक्यांपर्यंत मी मोठ्याने वाचलं. पुढचं मनातच वाचलं. कुणी तक्रार केली नाही. चेहरा कोरा ठेवायची कला त्या दिवशी मला जमली नाही.

डब्यात अजून एक चिठ्ठी उरली होती. वाण्याच्या पावतीच्या पाठीमागे, जाड पेन्सिलीने, एकच शब्द लिहिला होता: ‘छान.’ ते अक्षर वर्गातल्या कुणाचंच नव्हतं. मी मान वर करून बघितलं, तर भावजी तबल्यावर झाकण घालण्यात फारच गुंतले होते.

“भावजी,” मी म्हणाले, “कप बावीस आहेत.”

ते उठले आणि बाह्या वर करत मोरीकडे गेले. थोड्या वेळाने मी पुसायला फडकं घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.